न कळणाऱ्या पुस्तकाच्या दुपारी

माझी मुलगी बारावीनंतर पुण्याला तत्त्वज्ञान शिकायला गेली, तेव्हा आमच्या जाफराबादच्या गल्लीत ते कुणाला नीट सांगता येईना. कुणी विचारलं की तिचे वडील म्हणायचे, "बी.ए. करून राह्यली." त्यावर "कशात?" असं आलं की ते माझ्याकडं पाहायचे आणि मी म्हणायचे, "फिलॉसॉफी." इंग्रजी शब्द असल्यामुळं लोकांचं समाधान व्हायचं. तत्त्वज्ञान म्हटलं असतं तर पोरगी कीर्तन करणार का, असं विचारलं असतं.

आमची शेती गावाकडं. कपाशी, सोयाबीन, थोडी तूर. मुलीच्या शाळेसाठी म्हणून जाफराबादला खोल्या घेतल्या त्या घेतल्याच. हे सकाळी मोटारसायकलवर शेतात जातात, दिवस मावळायला परत येतात. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. माझं माहेर केदारखेड्याचं. तिथून भोकरदनला ये-जा करत बारावी झाले आणि लग्न झालं. वाचायची आवड होती, पण ती कथा-कादंबऱ्यांची. सुट्ट्यांत शाळेच्या ग्रंथालयातून मिळेल ते आणायचे आणि रात्री आई दिवा घालवेपर्यंत वाचायचे.

मुलगी लहान असताना शाळेतून आली की दप्तर खांद्यावरच ठेवून बोलायला लागायची. मशीनच्या आवाजात ऐकू जायचं नाही म्हणून मी पाय थांबवायचे. मॅडम काय म्हणाल्या, कुणाचा डबा सांडला, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं. ती कॉलेजात गेली तरी हे चालू होतं. म्हणून ती पुण्याला गेल्यावर मला घर मोकळं वाटलं त्याहून जास्त कान मोकळे वाटले.

पहिल्या दिवाळीला ती आली. जेवताना तिनं स्टीलचा ग्लास हातात धरून फिरवला आणि म्हणाली, "आई, या ग्लासाचा रंग काढून घेतला, आकार काढला, गारपणा काढला, वजन काढलं, तर मागे काय उरेल?"

मी म्हणाले, "काय उरणार? आपण ओंजळीनं पाणी पिऊ."

ती हसली. मग सांगायला लागली. दोन-तीन वाक्यं बोलली असेल. त्यात "सत्ता" होतं, "आश्रय" होतं, आणखी एक शब्द होता जो मला धरताच आला नाही. बोलता बोलता तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि थांबली. "जाऊ दे," म्हणाली. "सांगायला अवघड आहे." मग तिनं भाजी कशी केली ते विचारलं.

ती काही टाकून बोलली नव्हती. उलट माझी अडचण होऊ नये म्हणूनच तिनं विषय बदलला. पण भांडी घासताना मला तेच आठवत राहिलं. तिचं "न्हाई" जाऊन तिथं "नाही" आलं होतं, ते मी आल्या दिवशीच ऐकलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. शहरात राहिल्यावर तसं व्हायचंच. पण तिच्या डोक्यात एक मोठं गाव वसलं आहे, त्यात ती दिवसभर हिंडते आणि मला त्या गावाची वेससुद्धा माहीत नाही, हे मात्र मला सोसेना.

परत जाताना बॅग जड झाली म्हणून तिनं एक जाडजूड पुस्तक मशीनवर ठेवलं. "हे राहू दे इथंच, याची परीक्षा झाली," म्हणाली. कुठल्या तरी परदेशातल्या, फार पूर्वी होऊन गेलेल्या माणसाचं पुस्तक होतं, मराठीत आणलेलं. त्या माणसाचं नाव मी इथं घेत नाही. त्याच्याविषयी बरंवाईट सांगावं इतकी माझी त्याची ओळख आजही झालेली नाही.

ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ते उघडलं. मला कादंबरी वाचायची सवय, म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिलं पान अनुवादकाच्या प्रस्तावनेचं होतं आणि ती प्रस्तावना पुस्तकाहून अवघड असते हे मला कुठून माहीत असणार. डोळे ओळींवरून खाली उतरत होते आणि मन डाळ शिजली का ते पाहायला गेलं होतं. पान उलटलं तेव्हा मागच्या पानावर काय होतं, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग मी मुलीचा शब्दकोश काढला. मला सत्ता म्हटलं की ग्रामपंचायत आठवायची. इथं सत्ता म्हणजे असणं, हे कोशात सापडलं. एवढ्यानं हुरूप आला. पण पुढच्या शब्दाच्या अर्थात जे शब्द होते तेच मला कळेनात, मग त्यांचे अर्थ, मग त्या अर्थांचे अर्थ. असं करत संध्याकाळ झाली आणि वाक्य होतं तिथंच राहिलं. न कळलेल्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारायची असं ठरवलं, तर पानभर रेघाच झाल्या. शेवटी ते पुस्तक मी कपाटात फॉलसाठी आलेल्या साड्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिलं. यांनी विचारलं, "वाचून झालं का?" मी म्हणाले, "न्हाई. पुस्तक आपलं न्हाई ते."

त्या साड्या यायच्या भाभींच्या दुकानातून. बाजारगल्लीच्या तोंडाशी त्यांचं कपड्यांचं दुकान आहे. मारवाडी कुटुंब, जैन. त्यांच्या सासऱ्यांच्याही आधीपासून इथलं. सगळा तालुका त्यांना भाभीच म्हणतो. मालक गेल्यापासून माल आणायचं मुलगा पाहतो आणि दुपारच्या वेळेला गादीवर भाभी बसतात. साठीच्या आहेत, गुडघे दुखतात, त्यामुळं एकदा बसल्या की उठत नाहीत. गिऱ्हाईकालाच सांगतात, "ती वरची निळी काढा, बाई, तुमचा हात पोचतो."

एका दुपारी झालेल्या साड्या द्यायला गेले, तर गठ्ठ्याबरोबर पुस्तकही पिशवीत आलेलं. भाभींनी ते उचलून पाहिलं.

"हे काय, वहिनी?"

"पोरीचं आहे. चुकून आलं."

"तुम्ही वाचून राह्यल्या?"

"वाचून पाह्यलं. बिलकुल कळत न्हाई."

भाभींनी चष्मा लावला, मधलंच एक पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दर चातुर्मासात जैन स्थानकात महाराजसाहेबांचं, म्हणजे साधूंचं, प्रवचन ऐकायची त्यांना सवय, त्यामुळं त्यांचा वाचायचा सूरही तसाच, सावकाश, एकेक शब्द सुटा ठेवणारा. वाक्य लांब होतं. त्या भलत्याच जागी थांबल्या आणि वाक्याचा काही मेळ बसेना. मागं जाऊन परत वाचलं, दुसऱ्या जागी थांबल्या. मग आणखी एकदा. या वेळी वाक्य कुठं वळतं ते मला ऐकू आलं. अर्थ लागला असं नाही, पण कापड कुठं दुमडलं आहे ते हाताला लागावं तसं झालं.

"हे 'ते' कोण?" भाभींनी विचारलं. "'ते त्याच्यात राहतं' म्हणून राह्यला. कोण कोणात राहतं?"

आम्ही दोघी पुस्तकावर वाकलो. पहिल्या "ते"चा मालक वरच्या ओळीत सापडला, दुसऱ्याचा त्याच्याही वर. बदल हा कशात तरी होतो, असं काहीसं तो म्हणत होता. एवढंच. पण घरी जाताना मला वाटलं, एवढं तर मला कळलं.

तेव्हापासून दुपारी मी दुकानात जायला लागले. जेवणं झाल्यावर बाजार सुस्तावतो, एस.टी. स्टँडकडून जीपवाल्यांच्या हाका तेवढ्या येतात, तो वेळ आमचा. हातात फॉल लावायची साडी असायची. एकीनं वाचायचं, दुसरीनं टाके घालत ऐकायचं. मी एकटी वाचायचे तेव्हा न कळलेलं वाक्य मी गुपचूप ओलांडून जायचे. शेजारी माणूस असलं की तसं ओलांडता येत नाही. भाभी चष्म्यावरून पाहायच्या आणि म्हणायच्या, "कळलं? मंग मला सांगा." सांगायला गेलं की कळायचं की कळलेलं नाही.

भाभी काही माझ्याहून जाणत्या नव्हत्या. सातवीतून त्यांना शाळेतून काढलेलं. पण त्यांना एक सवय होती, दुकानामुळं लागलेली असेल. कुणी जोरात बोलायला लागलं की याचं बोलणं कुणाला उद्देशून आहे, ते त्या आधी शोधायच्या. एकदा एक पानभर तोच तोच मुद्दा फिरून फिरून येत होता. मी वैतागले. भाभी म्हणाल्या, "हा कोणाशी भांडून राह्यला? एवढं घासून घासून कोणाला सांगतो?"

आम्ही पानं मागं उलटली. खरोखरच, बऱ्याच आधी त्यानं दुसऱ्या एका माणसाचं म्हणणं सांगितलं होतं. आम्हाला वाटलं होतं ते त्याचं स्वतःचंच मत. तो तर ते खोडायला निघाला होता. आम्ही इतके दिवस दोघांची बोलणी एकाच्याच तोंडी घालत होतो, मग गोंधळ होणार नाही तर काय. त्यानंतर नवीन परिच्छेद आला की आम्ही आधी ठरवायचो, हे हा बोलतो की तो दुसरा. पुस्तक निम्म्यानं सोपं झालं.

पण आमचं एकदा बिनसलंही. पुस्तकात "द्रव्य" हा शब्द सारखा यायचा. तो दिसला की भाभी खूश. "हे मला माहीत आहे. महाराजसाहेबांनी समजावलेलं आहे, द्रव्य किती प्रकारचं असतं ते." आणि त्या सांगायला लागायच्या. त्यांचं सांगणं ऐकायला गोड होतं आणि त्यात एक व्यवस्था होती. फक्त ती पुस्तकात बसेना. जिथं तो माणूस एक म्हणत होता तिथं भाभी दुसरं वाचत होत्या. मी म्हणाले, "भाभी, याचं द्रव्य तुमचं द्रव्य न्हाई वाटतं."

"द्रव्य ते द्रव्य. दोन कसे असतील?"

"पण तो असं म्हणतच न्हाई."

"मंग त्यालाच समजलं नसेल," भाभी म्हणाल्या आणि पुस्तक मिटून बाजूला सारलं. बोलणं तिथंच संपलं. त्या काळात कापूस वेचायला आला होता आणि मलाही गावाकडं जावं लागत होतं, त्यामुळं बरेच दिवस आमची बैठक झाली नाही. कारण कापसाचं होतं, पण दोघींनाही माहीत होतं की ते तेवढंच नव्हतं.

शेतातूनच एका दुपारी मी मुलीला फोन केला. खुशाली झाली आणि ती "ठेवू का?" म्हणाली, तेव्हा मी धीर करून विचारलं, "ऐक ना, द्रव्य म्हणजे काय गं? तुझ्या पुस्तकात आहे ते."

ती म्हणाली, "आई, तू ते पुस्तक वाचतेयस?"

"पाहून राह्यले."

ती होस्टेलकडं चालत निघाली होती. चालता चालता बोलायला लागली ती थांबेचना. म्हणाली, हा शब्द मराठीत आणताना जुना शब्द उचललाय, पण आत माल दुसरा भरलाय. एकाच नावाच्या दोन बायका एका गल्लीत असतात तसं समज. तिच्या धापा ऐकू येत होत्या. जिना चढत होती. तिनं विचारलं, "सुरुवात कुठून केलीस? प्रस्तावनेपासून? अगं, ती सगळ्यात शेवटी वाचायची. मधलं ते बदलाचं आणि टिकण्याचं प्रकरण आहे ना, ते आधी वाच. नाही कळलं तर खूण करून पुढे जा. पुढचं वाचल्यावर मागचं कळतं कधी कधी. आणि एका वेळी एकच पान. आमचे सरसुद्धा एका तासात पान संपवत नाहीत."

"सरांनाही कळत न्हाई?"

"सगळं नाही कळत. ते सांगतात तसं."

कापसाच्या झाडांत मी तशीच उभी होते. कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस सांडला तरी भान नव्हतं. मला द्रव्य पुरतं कळलं होतं असं नाही. पण ती माझ्याशी बोलत होती, शाळेतून आल्यावर बोलायची तशी, श्वास न घेता. त्या फोनसाठी मी असली आणखी कितीही पुस्तकं वाचली असती.

हे सगळं मी भाभींना सांगितलं. एका नावाच्या दोन बायका, हे त्यांना पटलं. त्यांच्याच भावकीत तशा दोघी होत्या. "बराबर," म्हणाल्या. "मंग आपली आपल्या घरी ठेवते. याची याला विचारू." घरून नेलेला अर्थ दाराबाहेर ठेवून आत जायचं, हे त्यांनी मनापासून पाळलं. माझ्याहून जास्त.

मग आम्ही ते बदलाचं प्रकरण धरलं. त्याचं म्हणणं आम्ही आमच्या बोलीत आणलं ते असं. एखादी गोष्ट बदलली असं म्हणायचं असेल तर तिच्यातलं काहीतरी राहिलेलं पाहिजे. सगळंच गेलं तर ती बदलली नाही, ती गेलीच आणि दुसरी आली. आता राहतं ते काय, यावर आमची चर्चा चाले. भाभींची लग्नातली साडी होती. तिचं कापड विरलं तेव्हा जरीचे काठ काढून नव्या कापडाला लावले होते. पुढं काठही गेले, पदर तेवढा राहिला, तो तिसऱ्या साडीला मीच लावून दिला होता. भाभी तिला लग्नातलीच साडी म्हणत. मी म्हणे, नाही, ती आता दुसरी. त्यांनी घरून ती साडी आणून गादीवर पसरली आणि आम्ही तिच्यावरून भांडायला लागलो.

तेवढ्यात धावड्याहून एक बाई खरेदीला आल्या. थोडा वेळ आमचं ऐकत राहिल्या आणि मग संशयानं म्हणाल्या, "म्हंजे तुमी जुना माल नवा म्हनून देता का?" भाभींना त्यांना समजावताना घाम फुटला. बाई काही न घेता गेल्या. आम्ही खूप हसलो आणि नंतर उदाहरणं हळू आवाजात द्यायला लागलो.

पण उदाहरण आपल्या घरातलं घेतलं की विचार हातात येतो, हे मला तिथं कळलं. पुस्तकातला माणूस मेणाचं, लाकडाचं काहीबाही सांगायचा. ते वाचून मान डोलावता यायची. साडीवर मात्र मला माझं मत होतं आणि मत असलं की तो कुठं बरोबर आणि कुठं अडचणीत, हे दिसायला लागलं. एक-दोन जागी तर मला वाटलं, इथं हा घाईत पुढं गेला. तसं वाटल्यावर मी दचकलेच. एवढ्या मोठ्या माणसाला मी कोण बोलणार? पण मग वाटलं, त्याच्याशी भांडावं म्हणूनच त्यानं लिहिलं असेल.

अशी दोन वर्षं गेली. मुलीचं शेवटचं वर्ष होतं. फोन व्हायचे, पण ती घाईत असायची, आणि मीही ठरवलं होतं की फोनवर तुकडे तुकडे विचारण्यापेक्षा ती परीक्षा देऊन आली की समोर बसून बोलायचं. माझ्याकडं प्रश्न साठले होते. ग्लासाविषयी तर मला बरंच बोलायचं होतं. ती येणार त्या दिवशी मी मशीन झाकून ठेवलं.

दोन दिवस मी तिला झोपू दिलं. तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही गच्चीवर पापड उलटत होतो. मी विषय काढायच्या आधीच ती म्हणाली, "आई, मला हैदराबादला नोकरी लागली. पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय."

"शिकवायची?"

"नाही. कंपनीत. कॉम्प्युटरवरचं लिखाणाचं काम असतं." पापड उलटत ती बोलत राहिली. "एम.ए. नाही करणार मी. तत्त्वज्ञान बस झालं."

मी विचारलं, "का गं?"

"परीक्षेसाठी वाचता वाचता सगळ्याची उत्तरं झाली. पाच मार्कांचं, दहा मार्कांचं. आधी रात्रभर झोप यायची नाही मला त्या विचारांनी. आता पुस्तक उघडलं की काय लिहायचं तेच दिसतं. नाही वाचवत." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तू अजून वाचतेस?"

"वाचते."

"कशाला?"

तुझ्यासाठी, असं म्हटलं असतं तर तिच्यावर ओझं पडलं असतं. मी म्हणाले, "दुपारी तेवढाच वेळ जातो." ती "छान" म्हणाली आणि पापडाची ताटली घेऊन खाली गेली. मी गच्चीवरच बसून राहिले. ती ज्या गावात राहते म्हणून मी एवढी पायपीट करत आले होते, तिथं पोचले तर घराला कुलूप होतं.

ती हैदराबादला गेली. तिला सोडायला आम्ही जालन्यापर्यंत गेलो. रेल्वेत बसल्यावर तिनं खिडकीतून माझा हात धरला होता. ती खूश होती आणि मलाही बरंच वाटत होतं. पोरगी पायावर उभी राहिली होती, यांना तर किती दिवसांनी असं मोकळं हसताना पाहिलं. माझं दुःख सांगण्यासारखं नव्हतंच. कुणाला काय सांगणार होते, मुलीनं तत्त्वज्ञान सोडलं म्हणून मला रडू येतं?

मी दुकानात वाचायला जाणं सोडलं. साड्या यांच्याबरोबर पाठवायचे. पुस्तक भाभींच्या गादीशेजारीच राहिलं होतं, ते आणलंही नाही.

एके दिवशी जिन्यात कुणाचा तरी कण्हण्याचा आवाज आला. पाहिलं तर भाभी. एकेक पायरी चढत, भिंतीला धरून, काखेत पुस्तक. मी त्यांना आत आणून बसवलं, पाणी दिलं. धाप ओसरल्यावर म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही येऊन न्हाई राह्यल्या."

"मन लागत न्हाई, भाभी. पोरीनंच सोडलं ते."

"हां, पोरीनं सोडलं. तुम्ही पोरीसाठी वाचत होत्या ते मला माहीत आहे. मी कोणासाठी वाचत होते?"

हा प्रश्न मी त्यांना कधी विचारलाच नव्हता. माझ्या मनात होतं की त्या मला सोबत करतात.

भाभी म्हणाल्या, "लहानपणापासून ऐकत आले. महाराजसाहेब सांगतात, आम्ही हात जोडून ऐकतो. चांगलंच सांगतात. पण मधेच हात वर करून, असं का, हे विचारायचं म्हटलं तर माझी हिंमत झाली न्हाई कधी. मोठ्या लोकांत कोण विचारणार. शाळा सुटली तेव्हापासून कोणाला काही विचारलं न्हाई मी. हा माणूस मरून गेलेला आहे, याला कितीही विचारा. रागवत न्हाई." पुस्तक त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. "माझं अर्धं राहिलंय. एकटीला जमत न्हाई. वाचा."

मी वाचायला लागले. आम्ही जिथं सोडलं होतं ते पान परत वाचावं लागलं, कारण मधल्या दिवसांत दोघीही विसरलो होतो. पण विसरून परत आलं की वाक्य ओळखीचं वाटतं, हे तेव्हा लक्षात आलं. पहिल्यांदा दगडासारखं वाटलेलं वाक्य आता नुसतं कठीण वाटत होतं.

आता कधी कधी कुणी ओळखीचं विचारतं, की असलं पुस्तक तुम्ही कसं काय वाचता. आमच्या गल्लीतली एक नवीन सून, एम.ए. झालेली, तिनं परवाच विचारलं. मला शिकवण्यासारखं काही सांगता येत नाही. मी तिला म्हणाले, घाईच्या वेळेला उघडू नकोस आणि झोपेच्या वेळेला तर नकोच. मोठ्यानं वाच. एखादं माणूस शोध, तुझ्याइतकंच न कळणारं. फार कळणारं असलं तर ते सांगून मोकळं होतं आणि तू ऐकून मोकळी होतेस. आणि न कळण्याची लाज धरू नकोस, ते न कळणं मांडीवर घेऊन बसायचं असतं, रडणारं पोर घेऊन बसतो तसं. काही वेळानं आपोआप शांत होतं. ती हसली. दुसऱ्या दिवशी येते म्हणाली, अजून आलेली नाही.

पुस्तकाचा शेवट जवळ आलाय. ते बदलाचं प्रकरण मी मात्र मधेच परत उघडते. मुलगी दिवाळीला येते तेव्हा तिचे केस आखूड असतात, बोलण्यात तेलुगू शब्द असतात, जेवायला ती उशिरा बसते. मी पाहत बसते, यात राहिलेलं काय आणि गेलेलं काय. पुस्तकातला माणूस म्हणतो, काहीतरी राहिलेलं असतंच, नाहीतर बदललं असं म्हणताच आलं नसतं. त्याचं बोलणं मी मान्य करते. पण ते राहिलेलं डोळ्यांना दिसायला हवं असतं, त्याबद्दल तो काही लिहीत नाही.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. स्वयंपाक करत होती, कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता. म्हणाली, "काय चाललंय तुझं?"

मी नेहमीसारखं सांगितलं, सोयाबीनचं, यांच्या पाठीचं. मग सहज तोंडातून गेलं, "आम्ही शेवटच्या प्रकरणात अडकलोय."

"कुठं?"

किती दिवसांनी तिनं असं विचारलं होतं. मी पुस्तक ओढून घेतलं आणि ते वाक्य वाचलं. ती ऐकत होती. मी पुढचंही वाचलं. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"हे आम्हाला अभ्यासाला नव्हतं," ती म्हणाली. "हा भाग सोडला होता सरांनी. मलाही नाही कळलं, आई. तो 'म्हणून' म्हणतो तो कशामुळे?"

"आम्हीपण तिथंच अडकलोय."

तिनं मला ते वाक्य परत वाचायला लावलं. मग तिच्याकडं दाराची बेल वाजली. "थांब, कुणीतरी आलंय. करते मी परत," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी फोन मशीनवर ठेवला, आवाज मोठा केला आणि पुस्तक उघडंच ठेवून बसले. हे शेतातून आले, जेवण मागितलं. मी वाढलं. यांनी विचारलं, "कोणाचा फोन येणार आहे का?" मी म्हणाले, "पोरीचा. एक विचारायचं राह्यलं तिचं."

त्या दिवशी फोन आला नाही. सोमवारी तिला ऑफिस असतं. मी त्या "म्हणून"च्या आधीची दोन पानं परत वाचून ठेवली आहेत.